वाचक विचारतात : दहाव्या मुलाची वाट पाहणारी शाळा

अलास्काच्या पश्चिमेला, कुस्कोक्विम नदीकाठी, युपिक या मूळ रहिवासी समाजाच्या एका गावात मी तीन वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम केले. मागील अंकात त्याविषयी लिहिले होते. रस्ता नसलेल्या, विमानाने किंवा नदीवरूनच पोहोचता येणाऱ्या गावात बालवाडीपासून बारावीपर्यंतची शाळा कशी चालते, हा त्या लेखाचा विषय होता आणि जुन्या निवासी शाळांबद्दलही त्यात लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

दोनशे-अडीचशे वस्तीच्या गावातही तेथे बारावीपर्यंतची शाळा आहे असे आपण लिहिता. एवढा खर्च कोणतेही सरकार आपणहून करील, हे चाळीस वर्षे शिक्षण खात्यात काढलेल्या माझ्यासारख्याला पटत नाही. हे घडले कसे? — एक निवृत्त मुख्याध्यापक, सिन्नर

आपली शंका रास्त आहे, सर. सरकारने हे आपणहून केले नाही, त्यासाठी मुलांना न्यायालयात जावे लागले.

अलास्का हे राज्य महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठे आहे आणि त्याची लोकसंख्या मात्र साडेसात लाखांहूनही कमी. १९७० च्या दशकापर्यंत मूळ रहिवाशांच्या बहुतेक गावांत आठवीपर्यंतच शाळा असे. आठवी झाली की मुलाला गाव सोडावे लागे. काहींना राज्याच्या आग्नेय टोकाला सिट्का येथील माउंट एजकम्ब या निवासी शाळेत पाठवत, काहींना ऑरेगॉनमधील चेमावा येथे, तर काहींना थेट ओक्लाहोमातील चिलोको येथे. समुद्रकाठच्या टुंड्रातून, जिथे झाड म्हणून उभे नाही, तिथून उचललेले चौदा वर्षांचे मूल हजारो किलोमीटर दूर ओक्लाहोमाच्या उन्हात नेऊन ठेवायचे आणि ते पुढच्या उन्हाळ्यातच घरी यायचे, अशी ती व्यवस्था होती. उरलेल्या मुलांना शहरांतल्या अनोळखी कुटुंबांत ठेवले जाई. आमच्या शाळेत स्वयंपाकाला असलेल्या आजी अशाच एका वसतिगृहात राहिलेल्या होत्या. निघताना आईने त्यांच्या पिशवीत सुकवलेला सामन मासा बांधून दिला होता. वास येतो म्हणून पहिल्याच संध्याकाळी तो फेकून देण्यात आला. त्या मला म्हणाल्या होत्या, “मासा गेल्याचे काही नाही. तो आईने वाळवला होता.” पन्नास वर्षांनंतरही हे सांगताना त्यांनी हातातला डाव खाली ठेवला होता.

१९७२ मध्ये सत्तावीस किशोरवयीन मुलांच्या वतीने राज्याविरुद्ध दावा दाखल झाला. त्यात युकॉन नदीच्या मुखाजवळील इमोनाक गावची मॉली हूच ही मुलगी होती, आणि आजही अलास्कात हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. मुलांचे म्हणणे सरळ होते. गोऱ्या वस्तीच्या लहान गावांत माध्यमिक शाळा आहेत, आमच्या गावांत नाहीत, आणि हा भेदभाव आहे. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक गावात माध्यमिक शाळा काढण्याचे बंधन राज्यघटना घालत नाही असे सांगितले, पण भेदभावाचा मुद्दा खालच्या न्यायालयाकडे तपासासाठी परत पाठवला. तो तपास पुरता होण्याआधीच, १९७६ मध्ये, सरकारने तडजोड केली. गावाने स्वतःच नको म्हटले नाही, तर दाव्यातील १२६ गावांपैकी प्रत्येक गावात माध्यमिक शिक्षणाची सोय करण्याचे राज्याने मान्य केले. त्याच सुमारास ग्रामीण भागासाठी २१ प्रादेशिक शाळा मंडळे स्थापन झाली आणि शाळांचा कारभार गावकऱ्यांनी निवडून दिलेल्या सदस्यांच्या हाती आला.

आपण खर्चाचा मुद्दा काढलाच आहे, तेव्हा पैसा कुठून आला हेही सांगते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर तेल सापडले होते आणि १९७७ मध्ये तेलवाहिनी सुरू झाली. तेलाचा पैसा नसता तर ही तडजोड कागदावरच राहिली असती, असे मला वाटते. मात्र तेल सापडले म्हणून शाळा झाल्या, असे म्हणणेही खरे ठरणार नाही. पैसा आला तेव्हा तो कशावर खर्च व्हावा हे सांगणारा दावा आधीच उभा होता. पुढे इमारती जुन्या झाल्या तेव्हा ग्रामीण शाळांच्या बांधकामाला निधी देताना भेदभाव होतो म्हणून पुन्हा एक दावा लढवावा लागला. २०११ मध्ये त्यातही तडजोड झाली आणि पाच गावांच्या शाळांना पैसा मिळाला. त्या पाचांत इमोनाक होते.

आमची शाळा तोरण्याच्या पायथ्याशी आहे, पट अकरा. दर वर्षी शाळा बंद होणार अशी बातमी येते आणि पालक धास्तावतात. एवढ्या विरळ वस्तीत तेथे पटाचा नियम नाही का? — एक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, पुणे जिल्हा

आहे, आणि तो फार कठोर आहे. १९९८ पासून अलास्कात दहापेक्षा कमी मुलांच्या शाळेला राज्याकडून स्वतंत्र शाळा म्हणून निधी मिळत नाही. तिची मुले त्याच मंडळाच्या दुसऱ्या एखाद्या शाळेच्या पटात धरली जातात आणि पैसा इतका घटतो की बहुधा शाळा बंदच करावी लागते. मोजणी ऑक्टोबरमध्ये होते. महिन्याच्या चौथ्या शुक्रवारी संपणाऱ्या वीस शालेय दिवसांची सरासरी काढली जाते, आणि वर्षभराचा निधी त्यावर ठरतो.

ती मोजणी मी जवळून पाहिली आहे. माझ्या कामाचा भाग म्हणून मला मंडळाच्या इतर गावांतही जावे लागे. सहा आसनी विमानातून उतरायचे, शाळेच्या ग्रंथालयात जमिनीवर झोपण्याची पिशवी अंथरायची आणि दोन-तीन दिवस त्या शाळेतल्या मुलांबरोबर काम करून पुढच्या विमानाने परतायचे. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात त्या वर्षी नऊ मुले होती. शिक्षिकेने फळ्याच्या कोपऱ्यात खडूने नऊ उभ्या रेषा काढून ठेवल्या होत्या आणि दहाव्या रेषेसाठी जागा सोडली होती. गावातले एक कुटुंब कामासाठी बेथेल या मोठ्या गावी गेले होते आणि त्यांना एक सहा वर्षांचा मुलगा होता. गावची मंडळी रोज रेडिओवरून त्या कुटुंबाला परत येण्याचा निरोप पाठवत. ते कुटुंब मोजणी सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात परतले. पोराला नावेतून उतरवून घ्यायला अख्खी शाळा धक्क्यावर गेली होती, आणि त्या बिचाऱ्याला आपले एवढे कौतुक का चालले आहे, हे काही कळेना.

ती शाळा त्या वर्षी वाचली. पण सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर गावाच्या शाळेचे ओझे टाकणारा नियम मला अन्यायाचा वाटतो, आणि हे मी आपल्याकडच्या कारभाऱ्यांनाही सांगू इच्छिते. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याची चर्चा २०२३ पासून जोरात आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम मात्र आपल्याच राज्याने शिक्षण हक्क कायद्याखाली केलेला आहे. अंतर हा निकष मुलाच्या पायांकडे पाहून ठरलेला आहे, पट हा निकष हिशेबाच्या वहीकडे पाहून. जिथे पावसाळ्यात ओढा उतरू देत नाही किंवा हिवाळ्यात धुक्यामुळे विमान उतरत नाही, तिथे पहिल्याच निकषाला मान मिळायला हवा.

लहान शाळेच्या अडचणी मी नाकारत नाही. एकच शिक्षक पहिलीला वाचन आणि अकरावीला बीजगणित एकाच खोलीत शिकवतो, तेव्हा अकरावीच्या मुलीचे नुकसान होते. रसायनशास्त्राचा शिक्षक अशा गावाला मिळत नाही. यावर तेथील काही मंडळांनी एक चांगला उपाय काढला आहे. मोठ्या वर्गांतल्या मुलांना दोन-तीन आठवड्यांसाठी मध्यवर्ती गावी नेऊन प्रयोग, वेल्डिंग, वाहन चालवणे, रुग्णसेवा असे विषय एकत्रित शिकवायचे आणि पुन्हा घरी सोडायचे. असे केले म्हणजे गावची शाळाही राहते आणि मुलाला बाहेरचे जगही दिसते. आपल्याकडे केंद्रशाळेला असे काम देता येण्यासारखे आहे. आपल्या केंद्रप्रमुखांपुढे हा विषय जरूर मांडावा.

साठ मुलांच्या शाळेला एवढे मोठे क्रीडागृह कशासाठी, असे आपल्या लेखासोबतचे छायाचित्र पाहून वाटले. — एक वाचक, सोलापूर

कारण गावात तेवढी मोठी दुसरी इमारत नाही. आमच्या गावात घरोघरी नळ नव्हते. शौचाला बादली असे आणि ती रोज बाहेर नेऊन रिकामी करावी लागे. वाहते गरम पाणी शाळेत होते. लग्नाचे जेवण, अंत्यविधीनंतरची बैठक, ढोलावरचे युपिक नृत्य, लसीकरण आणि बास्केटबॉल हे सारे त्याच छताखाली होई. बास्केटबॉलचे सामने म्हणजे तिकडची जत्राच. शेजारगावचा संघ विमानाने किंवा गोठलेल्या नदीवरच्या रस्त्याने येतो, वर्गखोल्यांत झोपतो आणि आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारा गाव प्रेक्षकांत असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हालाँग या चक्रीवादळाचे अवशेष त्या किनाऱ्यावर आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांतली घरे पाण्याने पायांवरून उचलून वाहून नेली, तेव्हा शेकडो माणसे शाळेतच जाऊन थांबली. नंतर त्यांना विमानांनी बेथेल आणि राज्यातले सर्वांत मोठे शहर अँकरेज येथे हलवण्यात आले आणि मुलांची नावे अँकरेजच्या शाळांत दाखल झाली. त्या बातम्या वाचताना आमच्या स्वयंपाकाच्या आजी सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या. या वेळी मुलांबरोबर आई-वडील होते आणि अँकरेजमध्ये युपिक भाषेतून शिकवणारे वर्गही होते, एवढा फरक पन्नास वर्षांत पडला.

मी पहिलीपासून बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकले. आमच्या पाड्यावर शाळाच नव्हती. आश्रमशाळा नसती तर आज मी नर्सिंगला नसते. तुमच्या लेखात निवासी शाळांबद्दल इतके कडू का लिहिले आहे? — एक विद्यार्थिनी, जव्हार

तुझे पत्र मी दोनदा वाचले. तू जे लिहिले आहेस ते खरे आहे आणि ते मी लेखात पुरेसे मांडले नाही.

सिट्काच्या ज्या माउंट एजकम्ब शाळेचा मी वर उल्लेख केला, तिचीच गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या तळावर ती १९४७ मध्ये सुरू झाली. गावोगावी माध्यमिक शाळा झाल्यावर, १९८३ मध्ये, केंद्र सरकारने ती बंद केली. तेव्हा तिच्याच माजी विद्यार्थ्यांना ती परत हवी होती. १९८५ मध्ये राज्याने ती पुन्हा सुरू केली आणि आज तेथे प्रवेशासाठी अर्ज करावा लागतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तो अर्ज भरला होता. तिला जीवशास्त्र मनापासून आवडत असे आणि आमच्याकडे त्याचा शिक्षक नव्हता. तिच्या वडिलांनी सही करण्यापूर्वी तिला विचारले, की नाही आवडले तर? ती म्हणाली, “परत येईन, इथे शाळा आहेच.”

माझ्या कडवटपणाचे कारण या एका वाक्यात आहे. तिच्या आजीच्या पिढीला असे म्हणता येत नव्हते. त्या काळात कित्येक संस्थांत मुलांचे केस कापले, मातृभाषेत बोलले म्हणून शिक्षा केली, काहींचे फार वाईट हाल झाले आणि काही मुले घरी परतलीच नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या निवासी शाळांबद्दल देशाच्या वतीने जाहीर माफी मागितली. कॅनडाने तशी माफी २००८ मध्येच मागितली होती. वसतिगृह वाईटच असते असे मी म्हणत नाही. घराजवळ शाळा नाही म्हणून सहा वर्षांच्या मुलीला आईपासून दूर राहावे लागते, तिथे मला दुखते. तू दहावीनंतर हौसेने बाहेर गेली असतीस तर गोष्ट वेगळी होती. तू पहिलीपासून गेलीस. त्या पहिल्या वर्षाबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, आणि ती का नाही हे विचारण्याचा मला अधिकार नाही. पण कधी लिहावेसे वाटले तर जरूर लिही. मी वाट पाहीन.

तिकडची मुले शाळेत कोणत्या भाषेत शिकतात? आणि माझ्या भाचीला तेथील एका ग्रामीण शाळेकडून नोकरीचे पत्र आले आहे. तिने जावे का? — एक वाचक, डोंबिवली

भाषेबद्दल आधी सांगते, कारण भाचीच्या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच निघते.

युपिक ही सुमारे दहा हजार लोक बोलत असलेली भाषा. १९७० च्या सुमारास काही गावांत पहिलीपासून युपिकमधून शिकवण्याचे वर्ग सुरू झाले आणि १९७२ मध्ये राज्याने द्विभाषिक शिक्षणाचा कायदा केला. बेथेल येथे १९९५ पासून लहान मुलांना पूर्णपणे युपिकमधून शिकवले जाते. त्या शाळेचे नाव ‘अयाप्रुन एलितनाउर्विक’ असे आहे. ‘एलितनाउर्विक’ म्हणजे शिकण्याची जागा. २०१५ मध्ये ती इमारत जळाली, तरी शाळा दुसरीकडे चालूच राहिली. बहुतेक गावांत मात्र लहान वर्गांत थोडी युपिक आणि पुढे सगळे इंग्रजी, अशीच स्थिती आहे. पुस्तकेही पुरेशी नाहीत. आमच्या शाळेतल्या स्थानिक सहायक शिक्षिका संध्याकाळी बसून इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांवर युपिक मजकुराच्या पट्ट्या चिकटवत. चित्रात गाय असेल तर तिथे काय लिहायचे, यावर त्यांची बराच वेळ चर्चा चाले.

मराठी माणसाला ही भाषा पाहून आनंद व्हावा अशा दोन गोष्टी आहेत. संस्कृतातल्यासारखे द्विवचन तिच्यात आजही जिवंत आहे. एक होडी ‘कायक’, दोन असतील तर त्याच शब्दाचे निराळे रूप आणि तीन किंवा अधिक असतील तर आणखी निराळे. आणि मोजणी विसांनी होते. हातापायांची वीस बोटे झाली की एक माणूस पुरा झाला, म्हणून वीस या संख्येचे नावच ‘माणूस’ या शब्दावरून आले आहे. माझी आजी चाळीसला ‘दोन विसा’ म्हणायची, हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी भुवया उंचावल्या. भुवया उंचावणे म्हणजे तिकडे ‘हो’. पहिल्या आठवड्यात हे मला ठाऊक नव्हते. मी प्रश्न विचारी, मुले भुवया उंचावून उत्तर देत, आणि माझ्या प्रश्नाला कोणीच उत्तर देत नाही असे समजून मी तोच प्रश्न पुन्हा विचारत बसे. पाचव्या दिवशी सहायक शिक्षिकेने मला बाजूला घेऊन समजावले.

आता भाचीबद्दल. अलास्काच्या ग्रामीण शाळांना शिक्षक मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, म्हणून तिकडे फिलिपिन्समधून मोठ्या संख्येने आणि इतर देशांतूनही शिक्षक बोलावले जातात. त्यांना सहसा जो विनिमय व्हिसा, म्हणजे देशादेशांतील देवाणघेवाणीसाठीचा तात्पुरता परवाना, मिळतो तो तीन वर्षांचा असतो आणि फार तर आणखी दोन वर्षे वाढतो. काम कष्टाचे आहे. डिसेंबरात सूर्य सकाळी अकराच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच तासांत मावळतो. सामान विमानाने येते, म्हणून महाग असते. डाळ, तांदूळ आणि गोडा मसाला वर्षाचा एकदम मागवून ठेवावा. राहायला शाळेची खोली मिळते का, तिचे भाडे किती, तिथे नळाला पाणी आहे का, आणि आधीचा शिक्षक किती वर्षे राहिला, हे चार प्रश्न तिने होकार देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तर पुन्हा विचारावे.

आणि एक वर्ष करून बघू, असा विचार असेल तर तिने जाऊ नये. मी पोहोचले त्या दिवशी दुसरीतल्या एका मुलाने मला नाव विचारले नाही, कुठून आले विचारले नाही. “तू पुढच्या वर्षी येणार का?” एवढेच विचारले. त्याला बालवाडीपासून दर वर्षी नवी बाई मिळाली होती. मी होय म्हटले. त्याने नाक मुरडले, म्हणजे विश्वास नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये मी विमानातून उतरले तेव्हा तो धावपट्टीच्या कडेला सायकल घेऊन उभा होता. माझी एक पिशवी त्याने हँडलला अडकवली आणि लाकडी पायवाटेवरून शाळेपर्यंत पुढे पुढे गेला.

भाचीला किमान तीन वर्षे राहता येणार असेल, तर तिने जरूर जावे. मासिकाच्या पत्त्यावर तिने पत्र लिहिले तर तेथील थंडीत कोणते बूट चालतात, याची यादी मी स्वतः पाठवीन.